धक्का नसलेल्या किनाऱ्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

माझी आई हर्णैजवळची. लग्न होऊन मुंबईला आली ती बोटीनं, आणि पुढे कितीतरी वर्षं माहेरी जायची तीही भाऊच्या धक्क्यावरून बोटीनंच. मुंबईत धक्का होता, त्यामुळे चढणं सोपं. खरी परीक्षा उतरताना. हर्णैला बोट किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात उभी राहायची. मग पडाव यायचे. लाटेवर पडाव वर आला की खलाशी ओरडायचा, "हां, आता!" आणि पोरंबाळं, ट्रंका, बोचकी घेऊन बायामाणसांनी पडावात उतरायचं. पडावसुद्धा वाळूपर्यंत जायचा नाहीच. शेवटचं गुडघाभर, कधी कमरेएवढं पाणी उरायचं, आणि तेवढ्यातून माणसांना खांद्यावर बसवून कोरड्यात आणायचे. आई सांगायची, मुंबई ते हर्णै एवढ्या समुद्राचं काही वाटत नसे, पण त्या शेवटच्या पाण्याची धास्ती घरून निघतानाच पोटात असायची.

पुढे मी मुंबईतल्याच एका गोदीच्या ड्रॉइंग ऑफिसात लागले. जहाजांचे आराखडे काढण्यात माझी हयात गेली. आज ज्या जहाजांबद्दल बोलायचं आहे, ती याच शेवटच्या पाण्यासाठी बांधलेली जहाजं आहेत. सैन्य, रणगाडे, ट्रक, औषधं, पीठ-तांदूळ, जे काही असेल ते जिथे धक्का नाही तिथे उतरवणं, हे त्यांचं काम. नौदलाच्या भाषेत ही उभयचर जहाजं.

४ डिसेंबरला आपण नौदल दिन साजरा करतो, तो १९७१ च्या कराचीवरच्या हल्ल्याच्या आठवणीत. क्षेपणास्त्र सोडणाऱ्या त्या छोट्या बोटींची कीर्ती घराघरात पोचली आणि ती रास्तच आहे. पण त्याच महिन्यात, ढाक्यातल्या शरणागतीच्या दोनच दिवस आधी, कॉक्स बझारच्या किनाऱ्यावर आपल्या नौदलानं गुरखा जवान उतरवले होते. पाकिस्तानी सैन्याची ब्रह्मदेशाकडे निसटण्याची वाट अडवायची, हा हेतू. 'घडियाल' आणि 'गुलदार' ही आपली दोन जहाजं वाळूकडे निघाली. ती वाळूला लागली, दार उघडलं, जवान उतरले, आणि पुढे पाणी उथळ होण्याऐवजी खोल निघालं. पाठीवर ओझं, हातात हत्यार. दोन जवान तिथेच बुडाले.

हे कसं झालं, ते मुंबईच्या माणसाला समजायला सोपं आहे. ओहोटीच्या वेळी जुहूला पाण्यात चालत जाऊन बघा. आधी घोटाभर पाणी, मग एकदम मांडीपर्यंत, आणि आणखी पुढे गेलात की पुन्हा घोटाभर. लाटांनी वाळूचे आडवे बांध घातलेले असतात आणि दोन बांधांच्या मध्ये खोलगट चर राहतो. जहाज बाहेरच्या बांधावर टेकतं, कप्तानाला वाटतं किनारा आला, आणि किनारा तर त्या चराच्या पलीकडे असतो. म्हणून पूर्वतयारीत सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे त्या वाळूचा उतार कुणीतरी आधी जाऊन मोजून आणणं. आपला कोळी बांधव हा उतार पायांनी ओळखतो. परक्या किनाऱ्यावर ते ज्ञान मिळवावं लागतं.

वाळूला थेट जाऊन टेकणारी जहाजं आजही आपल्याकडे आहेत. कोलकात्याला बांधलेली 'शार्दूल', 'केसरी' आणि 'ऐरावत'. सव्वाशे मीटर लांब. एका खेपेत अकरा रणगाडे, दहा मोठे ट्रक आणि पाचशे जवान. दाभोळ-धोपावे किंवा आगरदांड्याला ज्याला आपण जंगलजेटी म्हणतो, ती फेरीबोट डोळ्यांपुढे आणा. सपाट तळ, पुढचा झडपा खाली पडतो आणि गाड्या सरळ बाहेर. तीच कल्पना, फक्त कित्येक पटींनी मोठी, आणि भर समुद्रात जाता यावं म्हणून पुढे नाळेला दोन भक्कम दारं. सपाट तळाची किंमत मात्र मोजावी लागते. वाळूला टेकायचं तर तळ खोल नको, आणि तळ खोल नसला की समुद्रात जहाज पाळण्यासारखं डोलतं. आतला जवान किनाऱ्याला लागेपर्यंत ओकून अर्धा झालेला असतो. आराखडा काढणाऱ्याला या दोन गोष्टींमधला मध्यममार्ग शोधण्यातच डोकं फोडावं लागतं.

आणखी एक खुबी सांगते. किनारा जवळ आला की असं जहाज मागच्या बाजूनं एक नांगर टाकतं आणि त्याची तार सोडत सोडत पुढे जातं. काम झालं की तीच तार गुंडाळायची, म्हणजे जहाज स्वतःच स्वतःला मागे ओढून घेतं. आणि हे सगळं चढत्या भरतीतच. ऐन भरतीला जहाज टेकलं की ओहोटीत रुतून बसलंच. उधाणाच्या भरतीला रुतलं, तर पुढच्या उधाणापर्यंत पंधरा दिवस तिथेच.

मग किनाऱ्याला मोठं जहाज न्यायचंच नाही, असा विचार पुढे आला. मोठ्या जहाजानं लांब, खोल पाण्यात उभं राहायचं आणि पडाव पोटातून काढायचे. याला म्हणतात लँडिंग प्लॅटफॉर्म डॉक. मला विचाराल तर जहाजबांधणीतली ही सर्वांत सुंदर कल्पना आहे. भारताकडे असं जहाज एकच आहे, 'जलाश्व'.

त्याची लांबी १७३ मीटर. आपल्या लोकलचे आठ-साडेआठ डबे एकापुढे एक ठेवा, तेवढं. भरल्यावर वजन सुमारे सतरा हजार टन. मागच्या निम्म्या भागात, छताखाली, पन्नास मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद अशी एक मोकळी जागा आहे आणि तिला मागच्या बाजूला प्रचंड दरवाजा. ही जहाजाच्या पोटातली गोदीच. तिच्यात चार उतरण-बोटी दोन-दोनच्या जोडीनं बसतात आणि प्रत्येक बोट एक रणगाडा नेऊ शकते. आता या बोटी बाहेर कशा काढायच्या? उचलायच्या नाहीत, ढकलायच्याही नाहीत. जहाजच बुडवायचं! तळाच्या टाक्यांमध्ये हजारो टन समुद्राचं पाणी घेतलं जातं. जहाजाची मागची बाजू हळूहळू खाली बसते, दरवाजा उघडतो, समुद्र आत येतो, आणि एवढा वेळ लाकडी फळ्यांवर बसलेल्या बोटी तरंगू लागतात. मग इंजिनं सुरू करून त्या उलट्या पावली बाहेर पडतात. परतल्या की दरवाजा बंद, टाक्यांतलं पाणी बाहेर, आणि जहाज पुन्हा वर.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण परातीत पाणी घेऊन स्वयंपाकघरातून अंगणापर्यंत जाऊन बघा. परात जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि ती आणखी कलते. अर्धवट भरलेली टाकी जहाजाला नेमकं हेच करते. म्हणून टाक्यांना आडवे-उभे पडदे घालतात, म्हणजे पाण्याला धावायला जागा उरत नाही. कोणती टाकी आधी, कोणती नंतर, डावी-उजवी बरोबरीनं कशी, याचा क्रम ठरलेला असतो. आतल्या गोदीच्या भिंतींना आणि तळाला लाकूड ठोकलेलं असतं, कारण लाटेबरोबर बोट भिंतीवर आपटणारच. लोखंडावर लोखंड आपटण्यापेक्षा फळी तुटलेली बरी. आणि चार-चार डिझेल इंजिनं बंदिस्त जागेत चालू झाली की धुरानं माणसं गुदमरतील, म्हणून मोठमोठे पंखे. एका रेषेचा विचार करताना दहा रेषा बदलतात, असं आमच्या ऑफिसात म्हणायचे.

गोदीच्या वर हेलिकॉप्टरांचं अंगण. पुढच्या भागात एक हजार जवानांच्या राहण्याची सोय. चार शस्त्रक्रियागृहांचा दवाखानाही आहे. सामान कसं भरायचं, यालाही शास्त्र आहे. गणपतीला गावी जाताना टेम्पो भरतो ना आपण, वाटेत लागणारी पिशवी शेवटी ठेवतो, तसंच. किनाऱ्यावर जे पहिलं लागणार, ते जहाजात शेवटी चढतं. हा क्रम चुकला तर दारूगोळा आधी उतरतो आणि तो डागणारी तोफ आत अडकून राहते.

'जलाश्व' मूळचं अमेरिकेचं. १९७१ साली 'ट्रेंटन' या नावानं ते त्यांच्या नौदलात आलं आणि जून २००७ मध्ये आपल्या नौदलात. म्हणजे पन्नाशी केव्हाच उलटली. अजूनही वाफेवर चालतं. अशी चार नवी जहाजं घ्यायची म्हणून २०१३ मध्ये आपल्याच देशातल्या गोद्यांकडून निविदा मागवल्या. तो बेत पुढे रद्द झाला. २०२१ मध्ये पुन्हा माहिती मागवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेनं गरज मान्य केली. मला हे मनापासून लागतं. एवढ्या वर्षांत आपल्या गोद्यांनी विनाशिका बांधल्या, पाणबुड्या बांधल्या, कोचीला विमानवाहू जहाज बांधलं. पाण्यात बसून पुन्हा उठणारं हे जहाज बांधण्याइतके हात आणि डोकी आपल्याकडे आहेत.

ज्यांना वाटतं की ही फक्त लढाईची जहाजं, त्यांना दोन गोष्टी सांगते. २००४ च्या त्सुनामीत निकोबार बेटांवरचे धक्के मोडून पडले. मदत पोचवायची ती नेमकी जिथे धक्का उरला नाही तिथे. आणि मे २०२० मध्ये, जग घरात बंद असताना, 'जलाश्व' मालदीवहून ६९८ माणसांना घेऊन कोचीला आलं. त्यात १९ गरोदर बायका होत्या. एका वेळी एवढ्या माणसांना आंतर ठेवून झोपवता येईल असं जहाज सहज मिळत नाही. जवानांसाठी बांधलेली ती ऐसपैस जागा तेव्हा कामी आली. नौदलाच्या त्या मोहिमेत चार उभयचर जहाजांनी जवळजवळ चार हजार माणसं घरी आणली.

ती बातमी मी आईला रेडिओवर ऐकवली होती. ती तेव्हा खाटेवरच असायची. शांतपणे ऐकून तिनं विचारलं, "अगं, त्या पोटुशा बायकांना पडावात उतरवलं का गं?"

म्हटलं, "नाही गं आई. कोचीला धक्का आहे. शिडीवरून उतरल्या."

"बरं झालं बाई," ती म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.