अर्क ते शुद्ध रंगद्रव्य

मित्रहो, पानातून रंग बाहेर काढणे हे मुळीच अवघड काम नाही; पान खलात चिरडून त्यावर अ‍ॅसिटोन ओतले की थोड्याच वेळात गडद हिरवा अर्क तयार होतो. अवघड आहे ते त्या अर्कातील एकेक रंगद्रव्य, त्याचा रेणू मोडू न देता, वेगळे करणे. आज मी या दुसऱ्या कामाविषयीच बोलणार आहे.

हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो, आणि आम्लाची चाहूल लागताच तो आपली जागा सोडतो. पान चिरडले की पेशींमधील रिक्तिका, म्हणजे रसाने भरलेल्या पिशव्या, फुटतात, त्यांतील आम्ले मोकळी होतात, मॅग्नेशियमच्या जागी दोन हायड्रोजन येऊन बसतात आणि तजेलदार हिरव्याऐवजी मळकट, तपकिरीकडे झुकणारे फिओफायटिन हाती लागते. म्हणून खलात चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट आधीच टाकतात, द्रावक थंड करून घेतात आणि खोलीतला उजेड मंद ठेवतात. ही खबरदारी घेतली नाही, तर पुढची सारी मेहनत भलत्याच पदार्थाच्या शुद्धीकरणात जाते.

या अर्कात हरितद्रव्य अ आणि ब, नारिंगी कॅरोटीन आणि पिवळे झँथोफिल असे सगळे एकत्र असतात. मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने काचेच्या नळीत कॅल्शियम कार्बोनेटची पूड घट्ट भरली, तिच्यावर अर्क ओतला आणि वरून शुद्ध द्रावक सोडला. तेव्हा कॅरोटीन जवळजवळ न अडखळता खाली उतरले, तर हरितद्रव्य ब हे अ च्या वरच धरून ठेवले गेले. 1906 मध्ये त्याने या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. पुडीच्या संपर्काने रंगद्रव्यच बिघडत असावे, अशी शंका त्या काळी घेतली गेली. ही शंका अगदीच निराधार नव्हती, कारण आम्लधर्मी सिलिकाच्या थरावर हरितद्रव्याचे फिओफायटिन होताना आजही दिसते. 1931 मध्ये हायडेलबर्ग येथे रिचर्ड कून आणि एडगर लेडेरर यांनी याच मार्गाने कॅरोटीनचे प्रकार वेगळे केले, आणि मग ही पद्धत सर्वत्र रुजली.

फक्त कॅरोटिनॉइडे, म्हणजे कॅरोटीन आणि झँथोफिलच्या गटातली रंगद्रव्ये, हवी असतील, तर एक जवळची वाट आहे, आणि मला ती विशेष आवडते. मिथेनॉलमधील पोटॅशियम हायड्रॉक्साइडने अर्काचे साबणीकरण करायचे, म्हणजे अल्कलीने रेणूतील एस्टर बंध तोडायचे. हरितद्रव्याची फायटॉलची शेपटी, म्हणजे पाण्यात न मिसळणारी लांब साखळी, तुटते, ते पाण्यात विरघळू लागते, आणि अल्कलीला दाद न देणारे कॅरोटीन ईथरच्या थरात सुखरूप राहते. येथे एकाचा नाश हेच दुसऱ्याच्या शुद्धीचे साधन होते.

फुलाफळांतील अँथोसायनिनांची, म्हणजे तांबड्या-जांभळ्या रंगद्रव्यांची, प्रकृती नेमकी उलटी आहे: ती पाण्यात विरघळतात आणि आम्लातच तांबडी व स्थिर राहतात. मात्र तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेला अर्क बाष्पीभवनाने आटवू लागले की आम्लाची तीव्रता वाढत जाते आणि रेणूला जोडलेले गट सुटू लागतात. त्यासाठी फॉर्मिक आम्लासारखे सौम्य, बाष्पनशील आम्ल बरे. पुढे हा अर्क रेझिनच्या (रंग धरून ठेवणाऱ्या कणांच्या) स्तंभावर चढवला, की आम्लयुक्त पाण्याने शर्करा धुऊन जातात आणि रंग नंतर आम्लयुक्त अल्कोहोलने उतरवून घेता येतो. बीटमधील बीटालेने, म्हणजे त्याची तांबडी-पिवळी रंगद्रव्ये, उष्णतेने लवकर विटतात, त्यामुळे तेथे आटवणे निर्वातात आणि कमी तापमानालाच करावे लागते.

उरला प्रश्न शुद्धतेचा. पट्टीवर पसरलेल्या पुडीच्या पातळ थरावर द्रावक चढवल्यावर एकच ठिपका दिसला म्हणून समाधान मानू नये, कारण एका द्रावकात एकत्र धावणारी दोन द्रव्ये दुसऱ्या द्रावकात फुटून वेगळी होतात. निदान दोन निरनिराळ्या द्रावकांत ठिपका एकच राहिला पाहिजे, आणि शोषण-वर्णपटातील, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो हे दाखवणाऱ्या आलेखातील, शिखरे जागेवर हवीत. 80 टक्के अ‍ॅसिटोनमध्ये हरितद्रव्य अ चे तांबड्या भागातील शिखर सुमारे 663 नॅनोमीटरला येते, ब चे 645 च्या आसपास. अ च्या नमुन्यात 645 पाशी अनपेक्षित फुगवटा दिसला, तर तो नमुना पुन्हा स्तंभावर चढवावा.