गोधडीला मशीन लावू नका

(ठाण्यात, नौपाड्यातल्या एका महिला मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेत विषय छापलाय ‘घरच्या घरी गोधडी’. ती कशी शिवायची हे मी सांगणारच आहे. पण त्याआधी मनात कधीचं साचलेलं थोडं बोलू द्या.

आधी हात वर करा. लहानपणी गोधडीत झोपलेल्या किती जणी? बघा, जवळजवळ सगळं सभागृह! आता हातानं शिवलेली एक तरी गोधडी आज घरात असलेल्या? हं. मागच्या रांगेतल्या काकू दोन्ही हात वर करताहेत, त्यांच्याकडे दोन असणार. तुमच्याशी नंतर बोलायचंय, काकू, पळून जाऊ नका.

बाकीचे हात खाली का गेले, त्याचं दुःख मला आहे. प्रदर्शनांत गोधड्या विकायला असतात आणि त्या खपतातही. नवं कोरं छापील कापड, आत पॉलिएस्टरचं भरण, वरून मशीनच्या शिवणीचे सारखे चौकोन. दिसायला सुरेख. पण ती शिवण उसवली की घरात कुणाला ती दुरुस्त करता येत नाही. भरणाचे गोळे होतात आणि दोन-तीन वर्षांत ती माळ्यावर जाते. दुसरीकडे आपल्याच घरातलं सुती कापड, वीस-वीस वर्षं धुऊन सायीसारखं मऊ झालेलं, आपण एका पातेल्यावर देऊन टाकतो.

बोहारणीची गोष्ट सांगते. आम्ही तेव्हा चरईत राहायचो. सासूबाई गेल्या, वर्षश्राद्ध झालं आणि त्यांची ट्रंक उघडली. नऊवारी लुगडी होती. दोन इरकली, एक चंद्रकळा, बाकी रोजची सुती. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, आता नऊवारी कोण नेसणार, बोहारीण खाली आलीच आहे. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर येऊन बघते तर व्यवहार जवळपास झालेला. सगळ्या लुगड्यांवर आणि घरातल्या जुन्या कपड्यांवर झाकणाचा एक स्टीलचा डबा.

मी जिन्यावरून खाली धावले. बोहारीण मावशी पायरीवर बसून कपडे निवडत होत्या आणि मी तिथंच उभी राहून बघत राहिले. प्रत्येक कापडाचा कोपरा अंगठा आणि पहिल्या बोटात धरून एकदाच चोळायच्या. सुती डावीकडे, नायलॉन-टेरिलीन उजवीकडे. एकदाही चुकल्या नाहीत. एका साडीची मलाच शंका होती, तर त्यांनी पदराचा एक धागा ओढला, काडी लावली आणि नाकाशी धरला. कागद जळल्यासारखा वास आला, बोटावर भुरभुरीत राख उरली. “सुतीच आहे, ताई.” सिंथेटिक असतं तर धागा वितळून टोकाला कडक गोळी झाली असती.

मी विचारलं, मावशी, या सुतीचं पुढं काय होतं? म्हणाल्या, धड असेल ते धुऊन बाजारात विकतो, विरलेलं कारखान्यात मशीन पुसायला जातं. सासूबाईंची चंद्रकळा, आणि मशीनचं तेल पुसायला! मी तिथल्या तिथं डबा परत करायला निघाले. त्या म्हणाल्या, डबा ठेवा, मला टेरिलीनच्या शर्टांचा हिशोब पुरतो, लुगडी घेऊन जा, फक्त हे पांढरं द्या. हे कशाला? “नातू झालाय. नवं कापड बाळाला टोचतं.” आणि पांढरं लुगडं त्यांनी वेगळ्या गाठोड्यात बांधलं. दिवसभर इतरांची लुगडी विकणाऱ्या त्या बाईनं घरच्या गोधडीसाठी सगळ्यात मऊ कापड बाजूला काढलं होतं. कापडाची इतकी जाण मी नंतर कुणात पाहिली नाही.

जाऊबाईंनी डबा ठेवून घेतला, ते असो.

आता मशीनबद्दल. मशीनची शिवण घट्ट आणि टाका बारीक, म्हणजे इंचाइंचाला सुईची कितीतरी भोकं. नव्या कापडाला ती चालतात. विरलेल्या कापडाला ती ओळ म्हणजे फाटायची रेघच होऊन बसते. हातानं घातलेल्या धावदोऱ्यात टाके लांब, दोरा जाड आणि सैल, त्यामुळे थर एकमेकांवर जरा सरकू शकतात आणि त्यांच्यामध्ये हवा राहते. ऊब येते ती त्या अडकलेल्या हवेमुळे. एखादी ओळ तुटली तर तेवढीच काढून पुन्हा घालता येते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हातची गोधडी टाकून द्यावी लागत नाही. वरचा थर विरला की त्यावर नवी साडी चढवायची, जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जाते. माझ्या घरच्या गोधडीचा एक कोपरा मी मध्यंतरी उसवला. वर माझी फिकी झालेली कॉटनची साडी, तिच्याखाली मुलांच्या शाळेचे निळे शर्ट, त्याखाली जांभळं इरकली, काठ अजून लाल. दोऱ्याचा रंग थराथराला वेगळा. सासूबाईंचा टाका माझ्यापेक्षा तिरपा, तो लगेच ओळखू येतो. ही शिवण मशीननं घातली असती तर मला काय ओळखू आलं असतं?

हे फक्त आपल्याकडचं नाही. बंगालच्या कांथ्यात, म्हणजे तिथल्या गोधडीत, जुन्या साडीच्या काठातले रंगीत दोरे ओढून त्यांनीच नक्षी भरायचे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, कडेनं शिवायला घेतात, आत आत फिरत मध्यावर येतात आणि कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी फुलं लावल्याशिवाय काम पूर्ण मानत नाहीत. अमेरिकेत अलाबामात जीज बेंड नावाचं कृष्णवर्णीयांचं खेडं आहे. तिथल्या मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये, नवरा गेल्यावर, त्याच्या शेतावरच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्या गावच्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या आणि २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. आपल्याकडे तर गाडगेबाबांना लोक गोधडे महाराजच म्हणायचे. आणि आपण? आपण गोधडी पाहुण्यांसमोर काढायला लाजतो!

अध्यक्षबाई घड्याळ दाखवताहेत. दहा मिनिटं? पाच. बरं, भराभर सांगते, लिहून घ्या.

कापड सुतीच, धुतलेलं. नवं कापड लावायचं असेल तर आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून चुण्या पडतात. लाल, काळं, गडद निळं कापड ओल्या पांढऱ्या फडक्यानं चोळून रंग जातो का पाहा. टी-शर्ट नको, होजिअरी ताणली जाते. लोकरीचं कापडही नको, गरम पाण्यात ते सुतीपेक्षा जास्त आटतं. शिंप्याकडच्या चिंध्या चालतील, पण जाळून तपासून.

नऊवारी साधारण ८.२ मीटर. चार घड्या घातल्या की दोन मीटर लांबीचे चार थर मिळतात, एका माणसाला पुरेशी गोधडी. साडेपाच मीटरची साडी तीन घड्यांत सहा फुटांची होते. दोन माणसांसाठी दोन पन्हे जोडा. जमिनीवर ताठ पसरा, एकही सुरकुती नको, कडा बोटभर आत दुमडा आणि लांब कच्च्या टाक्यांनी सगळं टाचून घ्या. टाचण्याचा कंटाळा केला की मध्ये फुगा येतो. ठिगळं आधी विरलेल्या जागांवर, मग शोभेची.

दोरा जाड सुती, हातभरच घ्या, लांब घेतला की गुंततो. गाठ थरांच्या आत लपवा. मी कडेनं सुरू करून आत येते. ओळींमध्ये एक इंच अंतर ठेवलं तर पाच बाय सात फुटांच्या गोधडीत सुमारे १२८ मीटर शिवण होते. म्हणून बोटात अंगुस्तान घाला आणि रोज दोन ओळींपेक्षा जास्त हट्ट धरू नका. थर फार झाले तरच दाभण, एरवी लांब सुई पुरते.

धुणं मे महिन्यात. ठाण्याच्या पावसाळ्यात गोधडी आतून वाळत नाही, वास धरते. ओली गोधडी एकटीनं उचलू नका, घरातल्या पुरुषांना बोलवा, पिळायला दोन माणसं लागतातच.

प्रश्न चहाबरोबर घेऊ. ज्यांनी जुनं कापड आणलंय त्यांनी खिडकीजवळच्या टेबलाशी या, तिथं उजेड चांगला आहे. काडेपेटी माझ्याकडे आहे, आधी कापड तपासू.