खडूचा आकडा

(दृश्य : पत्र्याचं दार. खडूनं आकडा लिहिणारा हात.)

दारावरचा हा आकडा वस्तीतल्याच बाईनं टाकलाय. पालिकेकडे काही मागायला जायचं, तर आधी आपली घरं आपण मोजायची. ही सवय मुंबईच्या झोपडपट्ट्यांना तिथलेच कार्यकर्ते जॉकिन अर्पुथम यांनी लावली.

जॉकिन १९६३ साली कोलारहून मुंबईत आले. मानखुर्दच्या जनता कॉलनीत राहून सुतारकाम करायचे. कचरा कुणी उचलेना, तेव्हा त्यांनी पोरांच्या हाती कागदात बांधलेला कचरा दिला. पोरांनी तो नेऊन टाकला थेट पालिकेच्या कचेरीसमोर. १९७६मध्ये जनता कॉलनी पाडली; माणसं चीता कॅम्प या दुसऱ्या वस्तीत गेली.

(दृश्य : हातानं काढलेला गल्लीचा नकाशा, भोवती बायका.)

मोजणीची पहिली फेरी फक्त दारांची. गल्लीच्या तोंडापासून सुरुवात, दर दाराला क्रमांक. माळ्यावर वेगळी चूल पेटत असेल, तर तिला वेगळा क्रमांक. दुसऱ्या फेरीत घरोघरी चौकशी : माणसं किती, कधीपासून राहतात, काम काय, पाणी कुठून भरतात. मग यादी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची. इथे भांडणं होतात, आणि ती इथेच झालेली बरी. भाडेकरू सुटतो, गावी गेलेलं कुटुंब सुटतं. आज यादीतून सुटलेलं घर उद्या घरवाटपातूनही सुटतं.

(दृश्य : प्लास्टिकच्या पिशवीत रंगीत कागद.)

ही महिला मिलनची बचत. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी १९८६मध्ये ही संघटना उभी केली. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांनी रकमेप्रमाणे कागदाचा रंग ठरवला. पैसे रोज दारात येऊन गोळा करायचे, कारण रोजंदारीवरच्या घरात महिनाअखेरीला काही उरत नाही.

(दृश्य : सार्वजनिक शौचालय. दोन दारं, दोन रांगा.)

मोजणीचा खरा उपयोग इथे दिसतो. ५० माणसांमागे एक संडास, म्हणजे ५०० माणसांना १०. आकडा फुगवला तर देखभालीचा खर्च अंगावर येतो, कमी धरला तर सकाळची रांग हलत नाही.

बायकांची रांग वेगळी, कारण एकाच रांगेत पुरुष पुढे घुसतात. दार आत-बाहेर दोन्हीकडे उघडतं. बादली घेऊन अरुंद जागेत शिरताना त्याची गरज पडते. मुलांच्या संडासाची भांडी लहान, शेजारी धरायला दांडा. मोठ्यांच्या रांगेतून ढकललेलं पोर शेवटी गटाराच्या कडेलाच बसतं, म्हणून मुलांना वेगळी जागा.

जुनी शौचालयं बहुतेक वेळा पाण्याअभावी बंद पडायची. भांड्यात पुरेसं पाणी पडलं नाही की मैला अडकतो, कुणी काठी खुपसतं, भांडं फुटतं, आणि लोक दुसऱ्या संडासाकडे वळतात. तोही मग असाच जातो. त्यामुळे नव्या शौचालयाला मोठी टाकी हवीच. बांधकामाचा खर्च पालिकेचा, देखभाल वस्तीची. कुटुंबाचा मासिक पास असतो, त्यातून सफाईचा आणि राखणीचा पगार निघतो.

पुण्यात १९९९ ते २००१ या काळात पालिका आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून ४००हून अधिक शौचालयं बांधली. जॉकिन २०१८ साली वारले.

(दृश्य : पहाट. शौचालयाला लागून असलेली खोली, खिडकीत दिवा.)

ही राखणदाराची खोली. नकाशात ती पहिल्यापासून असते. माणूस तिथेच राहिला, तर रात्री नळ चोरीला जात नाहीत आणि अंधारात आलेल्या बायकांना दाराला कुलूप लागलेलं दिसत नाही.