कार्ड गेलं म्हणजे नक्की काय गेलं?

नमस्कार मंडळी. माइक चालू आहे ना? मागे ऐकू येतंय? बरं. पहिल्या रांगेतले दोन काका आत्ताच मला म्हणाले की आम्हाला वाटलं ग्राफिक्स म्हणजे चित्रकलेवर काहीतरी असेल. काका, आलाच आहात तर बसा, चहा शेवटी आहे.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘ग्राफिक्स कार्ड किती भरवशाचं’. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरमधला पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग, आणि त्यावरची मुख्य चिप म्हणजे जीपीयू. आकडे देणार आहे, पण आधी मला एक बोलायचंय, जे घरी बोलून बोलून आता घरच्यांनी ऐकणं सोडलंय. कार्ड बंद पडलं की आपण म्हणतो चिप उडाली. अहो, चिप सहसा उडत नाही हो. तो सिलिकॉनचा चौकोन बहुतेक वेळा ठणठणीत असतो, आणि जातं ते त्याच्या आजूबाजूचं, म्हणजे खालचे जोड, पंखा, चिपची उष्णता वाहून नेणारी पेस्ट, कॅपॅसिटर आणि मॉस्फेट हे वीज सांभाळणारे छोटे पार्ट, पॉवरचा कनेक्टर. पण दुकानात जा, रिपेअरवाला कार्ड हातात घेऊन, उजेडात धरून, तुमच्याकडे डॉक्टरसारखं बघत सांगणार, चिप गेली.

माझ्या भाच्याचा लॅपटॉप होता. त्यात वेगळं कार्ड नाही, ग्राफिक्सची चिप मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावरच. त्या वेळी इंजिनिअरिंगला होता तो, प्रोजेक्टच्या नावाखाली रात्रभर गेम, पांघरुणावर लॅपटॉप, खालची जाळी पूर्ण झाकलेली. एक दिवस स्क्रीनवर उभ्या रेषा, मग रंगीत चौकोन, मग काहीच नाही. आम्ही गेलो बुधवार पेठेत एका दुकानात, नाव घेत नाही, त्यांचा कुणी इथे बसला असेल तर चहा प्यायला थांबू नका. दुकानदार म्हणाला, “सर, डिस्प्लेची चिप गेलीय, हीट मारून देतो, एकदम नव्यासारखा.” मी विचारलं, हीट मारून म्हणजे काय करणार? तर म्हणाला, “ते मशिनचं काम आहे सर.” मशिन म्हणजे हीट गन, मला काउंटरवरून दिसत होती. गॅरंटी विचारली तर नुसता हसला.

आणि गंमत म्हणजे चालू झाला! भाचा खूश, बहीण खूश, माझा मात्र त्या खुशीवर विश्वास नव्हता आणि तसंच झालं, थोड्या दिवसांत परत रेषा. परत गेलो. आता म्हणे, “सर, हीटने नाही होणार, रिबॉलिंग करावं लागेल.” म्हणजे चिप उपटून खालचे सोल्डरचे गोळे नवे बसवायचे. त्याचे वेगळे पैसे. तोही चालला थोडे दिवस. मग शेवटी, “सर, मदरबोर्डच बदला, मी आधीच सांगणार होतो.” आधीच सांगणार होतो! हे वाक्य ऐकून मी जे काही बोललो ते इथे बोलणार नाही, समोर ज्येष्ठ नागरिक आहेत.

आता राग बाजूला ठेवतो, कारण यात खरी माहिती आहे. चिप थेट बोर्डावर बसत नाही. चिपच्या खाली बारीक बारीक सोल्डरचे टिपके, त्याखाली एक छोटी पट्टी, तिला सबस्ट्रेट म्हणतात, आणि त्या पट्टीखाली मोठे गोळे, ते बोर्डावर. म्हणजे जोडांचे मजले दोन. सिलिकॉन तापलं की फारच थोडं पसरतं, आणि खालची पट्टी अन् बोर्ड त्याच्या कितीतरी पट जास्त. गेम चालू केला, दोघं आपापल्या मापाने पसरली, बंद केला, आकसली, आणि ओढाताण सगळी त्या मधल्या टिपक्यांवर. बाइंडिंगची तार आपण इकडून तिकडे वाकवत बसलो की शेवटी तुटते ना, तसं. म्हणून कार्ड सतत ७५ डिग्रीला चाललं तर जोड फारसे कुरकुरत नाहीत. त्यांना खातं ते दिवसातून दहादा तापणं आणि दहादा गार होणं.

टिपक्यांना आधार म्हणून मधे एक इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारा गोंद, भरतात, त्याला अंडरफिल म्हणतात. हा आधार कमजोर पडला की ताण परत टिपक्यांवर. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने २ जुलै २००८ ला जाहीर केलं की आधीच्या पिढीच्या काही लॅपटॉप चिप्समध्ये चिप आणि पॅकेजिंगचं मटेरियल कमकुवत निघालंय, त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढतोय. डेल, एचपीने वॉरंटी वाढवून दिली, अ‍ॅपलनेही त्याच वर्षी ८६०० एम जीटीवाले मॅकबुक प्रो फुकट दुरुस्त करून द्यायचं कबूल केलं. त्याच्या आदल्या वर्षी मायक्रोसॉफ्टला एक्सबॉक्स ३६० या गेमच्या यंत्रापायी, ते लाल दिवे लागून बंद पडायचं म्हणून, १०० कोटी डॉलरपेक्षा जास्त तरतूद करावी लागली होती. त्याचं कारण तेव्हा सगळे सांगायचे की युरोपात १ जुलै २००६ पासून सोल्डरमधून शिसं काढलं ना, त्याचा परिणाम. जुनं सोल्डर १८३ डिग्रीला वितळायचं, नवं साधारण २१७ ला, आणि ते जरा कडक, हे खरंय. पण २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच माणसांनी सांगितलं की तुटत होते ते पार्टच्या आतले जोड, चालू-बंद होताना गरम-गार होऊन.

म्हणजे लक्षात घ्या, तुटलेला जोड वरच्या मजल्यावर आणि आमचा बुधवार पेठवाला पैसे घेतोय खालच्या मजल्याचे! रिबॉलिंगने वरचे टिपके दुरुस्त होत नाहीत. मग चालू का होतो? कारण उष्णतेने चिप थोडी हलते, तडा गेलेली दोन टोकं एकमेकांना टेकतात. चार वेळा तापलं की परत सुटतात. लोक घरच्या ओव्हनमध्ये कार्ड भाजतात त्यामागेही हेच, आणि कृपा करून ज्यात केक होतो त्यात ते करू नका, प्लास्टिकचा आणि फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर करताना लावतात त्या चिकट रसायनाचा, धूर बसतो आत.

बरं, जाता जाता आपल्या शहराचं. जुन्या वाड्यात तीन पिनच्या सॉकेटमधली तिसरी, अर्थिंगची पिन कित्येकदा फक्त शोभेला असते. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, कार्डाचं नंतर बघू. दुसरं म्हणजे गुरुवार. गुरुवारी लाईट जाणार हे पुणेकराला जन्मापासून माहीत, पण जाण्यापेक्षा येताना जो झटका बसतो तो वाईट, म्हणून बटण बंद करून ठेवा. तिसरं, धूळ, त्याबद्दल मेट्रो आणि उड्डाणपूल यांना मी काहीच बोलत नाही, सिंहगड रोडवाले इथे असतील तर त्यांनी मान हलवावी. हलवली, धन्यवाद.

ही चिठ्ठी कसली? दहा मिनिटं? अहो, मी विषयाला आत्ता येतोय. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ ला वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा चिठ्ठ्या होत्या की नाही कोण जाणे. असो, पटापट घेतो.

पंखा. सगळ्यात आधी हलणारी वस्तू जाते. बेअरिंग घरघरायला लागलं की पंखा बदला, कार्ड नाही. पेस्ट तापून-निवून कडेला सरकते, दोनतीन वर्षांनी तापमान चढायला लागलं तर पेस्ट नवी लावा. मेमरीवरचे उष्णता वाहून नेणारे पॅड वाळतात, एनव्हिडियाच्या ३०८० आणि ३०९० कार्डांवरची जीडीडीआर६एक्स मेमरी तर मायनिंगमध्ये, म्हणजे कार्ड सतत चालवून इथेरियमसारखी डिजिटल नाणी कमावताना, १०० डिग्रीच्या वर जायची. वजन, ४०९० कार्ड दोन किलोच्या वर, आडवं लटकतं, स्लॉटच्या कोपऱ्याशी बोर्डाला तडा जातो, खाली टेकू द्या. कनेक्टर, नवा सोळा पिनांचा, ६०० वॅट म्हणजे १२ व्होल्टला ५० अँपिअर, आणि ते सहा जोड्यांतून, म्हणजे प्रत्येक पिनेतून आठच्या वर. अर्धवट बसला की काही पिनांवर भार येतो आणि प्लास्टिक वितळतं, २०२२ च्या ऑक्टोबरपासून तेच फोटो फिरतायत. पूर्ण आत दाबा, अगदी लगेच शेजारी वाकवू नका. आणि सॉफ्टवेअरही मारतं, मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाचा १९६.७५ ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, पंख्याचा कंट्रोल बिघडवतो म्हणून मागे घ्यावा लागला होता.

आता आकडे. अमेरिकेत ओक रिजच्या प्रयोगशाळेत टायटन नावाचा सुपरकॉम्प्युटर होता, १८,६८८ जीपीयू. काही वर्षांनी कार्डं धडाधड जायला लागली, आणि कारण निघालं बोर्डावरचे साधे रेझिस्टर, हवेतल्या गंधकाने गंजणारे. चिप परत निर्दोष! मुठेच्या काठी राहणाऱ्यांनी हे जरा मनावर घ्यावं, नदीचा तो वास म्हणजे गंधकाचाच वायू. दुसरं उदाहरण मेटाचं, म्हणजे फेसबुकवाल्या कंपनीचं. त्यांचं लामा ३ हे एआय मॉडेल शिकवताना एनव्हिडियाची १६,३८४ एच१०० कार्डं, ५४ दिवस, अचानक बंद पडण्याचे प्रकार ४१९. त्यातले १४८ जीपीयूमुळे, ७२ त्याला जोडलेल्या एचबीएम नावाच्या मेमरीमुळे. दोन्ही मिळून २२०. सरळ हिशेब केला तर वर्षाला शंभरातली नऊएक कार्डं त्रास देतात. त्रास देतात म्हणतोय, मेली असं नाही, पुष्कळशी रिसेट करून परत चालतात. आणि हे ७०० वॅटचं कार्ड रात्रंदिवस जुंपलेलं. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेचा परम सिद्धी एआय हा सुपरकॉम्प्युटर, २०२० मध्ये जगात ६३ वा आला होता, त्यातही अशीच एनव्हिडियाची कार्डं आहेत, तिथलं कुणी बसलं असेल तर नंतर भेटा, मला ऐकायचंय. घरचं कार्ड संध्याकाळी दोन तास चालतं, त्याला हा आकडा जसाच्या तसा लावू नका. घरचं कार्ड बिघडायचंच तर सुरुवातीच्या महिन्यांत बिघडतं, नाहीतर मग बरीच वर्षं गप्प, आणि शेवटी म्हातारपणाने.

एकच प्रश्न घेतो, हो तुम्ही, निळा शर्ट. मायनिंगचं जुनं कार्ड घ्यावं का? सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं तेव्हापासून बाजारात आहेत ती. जोड चांगले असू शकतात, कारण ते एका तापमानाला सतत चाललंय, गरम-गार कमी. पंखे आणि पॅड मात्र गेलेले धरा आणि तेवढे पैसे किंमतीतून कापून घ्या. घेताना विकणाऱ्याच्याच पीसीवर अर्धा तास जड गेम चालवा, मेमरीचं तापमान वेगळं बघा, चौकोन दिसले तर उठा. आणि हीटसिंकखाली, म्हणजे उष्णता खेचणाऱ्या धातूच्या ठोकळ्याखाली, चिपच्या कडेला, वाळलेला पिवळट फ्लक्स दिसला तर ते कार्ड कुणीतरी आधीच शेकलेलं आहे, कितीही स्वस्त दिलं तरी घेऊ नका.