प्लास्टिकच्या पिशवीतले दाखले

(दृश्य: पुण्यातील एका महाविद्यालयाचा व्हरांडा. एका बाकावर दोन विद्यार्थिनी बसल्या आहेत. दोघींच्या मध्ये दाखल्यांची पिशवी.)

प्रवेशाच्या दिवसांत आमच्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यात एक बाक मांडलेले असते आणि त्यावर वरच्या वर्गांतले आम्ही सात-आठ जण आळीपाळीने बसतो. आम्हाला विद्यार्थी मार्गदर्शक म्हणतात. आम्ही सगळे स्वतः शिष्यवृत्तीवर शिकत आहोत, आणि ज्यांना ती पहिल्यांदा मिळणार आहे त्यांच्यासोबत पहिले वर्षभर राहणे हे आमचे काम आहे. समोर येणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा कापडाच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी असते आणि तिच्यात शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, तहसील कार्यालयातून मिळालेला उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रिका घड्या पडलेल्या अवस्थेत असतात. घरात याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नसल्यामुळे यातला कोणता कागद कशासाठी लागतो, हे विचारायला त्यांना घरी माणूस नसते.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणासाठीची, शिष्यवृत्ती 1944 पासून चालू आहे, म्हणजे ती स्वातंत्र्याहून जुनी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आणि ते स्वतः 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले होते. हा इतिहास मी बाकावर आलेल्या प्रत्येकाला सांगते, कारण अर्ज भरताना पुष्कळ मुले मान खाली घालून बसतात आणि आपण काहीतरी मागायला आलो आहोत अशा आवाजात बोलतात.

आज या शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे आणि अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावा लागतो. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना वेगळी आहे. तिच्यात पुण्यासारख्या शहरात भोजनासाठी 32,000, निवासासाठी 20,000 आणि निर्वाहासाठी 8,000, असे वर्षाला 60,000 रुपये मिळू शकतात. पण तिचा अर्ज स्वतंत्र करावा लागतो, हेच अनेकांना ठाऊक नसते आणि मग मुदत उलटून जाते.

अर्ज महाविद्यालयाच्या लिपिकाकडून, प्राचार्यांच्या लॉगिनमधून, समाजकल्याण कार्यालयापर्यंत जातो. त्रुटी असेल तर तो ‘सेंड बॅक’ होतो. हा शब्द वाचून अर्ज फेटाळला गेला असे समजून एक मुलगा दोन महिने गप्प बसला होता; त्याला फक्त अस्पष्ट आलेला दाखला पुन्हा स्कॅन करून जोडायचा होता.

(दृश्य: बँकेतील रांग. पासबुक छापणारे यंत्र.)

त्यानंतर बँक येते. ‘आधार लिंक आहे का?’ असे विचारले की प्रत्येक जण हो म्हणतो, परंतु खात्याला आधार क्रमांक जोडलेला असणे आणि त्याच खात्याचे सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे कोणत्या बँकेत पाठवायचे याची आधारवरची नोंद, झालेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिष्यवृत्तीची रक्कम ज्या बँकेशी आधारचे सीडिंग झाले आहे तिथल्याच खात्यात जाते, आणि अशी बँक एका वेळी एकच असू शकते. मोबाइलवर घाईने दुसरे खाते उघडले आणि सीडिंग तिकडे वळले, तर पासबुक छापून छापून माणूस थकतो आणि पैसे मात्र विसरलेल्या खात्यात पडून राहतात. म्हणून मी मुलांबरोबर बँकेत जाते. पण त्यांचा ओटीपी किंवा पासवर्ड कधीही विचारत नाही आणि त्यांनी आपणहून सांगितला तरी लिहून घेत नाही.

(दृश्य: संध्याकाळ. वसतिगृहाच्या जिन्यावर बसलेली एक मुलगी, पाठमोरी.)

2021-22 पासून या शिष्यवृत्तीतील केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो आणि त्यात निर्वाह भत्त्याबरोबर शिक्षण शुल्काचा भागही असतो. तो शुल्काचा भाग विद्यार्थ्याने ठरलेल्या मुदतीत महाविद्यालयात भरायचा असतो. माझ्या पहिल्या वर्षीच्या गटातील एका मुलीच्या खात्यात असे पैसे जानेवारीत आले. तिचे आईवडील तेव्हा ऊसतोडीला गेले होते, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटलेली नव्हती आणि धाकटा भाऊ दवाखान्यात होता. तिने जवळजवळ सगळी रक्कम वडिलांना पाठवली. महिन्याने शुल्काची नोटीस आली तेव्हा ती मला म्हणाली, “ताई, माझ्या नावावर आले म्हणून मला ते माझेच वाटले.”

तिची चूक झाली असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. चूक माझी होती, कारण अर्ज भरून देण्यात मी इतकी गुंतले होते की पैसे आल्यावर काय करायचे ते मी तिला सांगितलेच नव्हते. आम्ही दोघींनी मिळून प्राचार्यांना अर्ज लिहिला आणि त्यांनी शुल्क हप्त्यांनी भरायला परवानगी दिली. वडिलांशी मी फोनवर बोलले. “काका, यातला भत्ता तुमच्या मुलीच्या जेवणाखाण्याचा आहे आणि बाकीचे कॉलेजचे आहेत,” असे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आधी कळलं असतं तर हात लावला नसता.”

तेव्हापासून पहिल्याच भेटीत मी वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखून घेते. एकावर ‘माझे’ आणि दुसऱ्यावर ‘कॉलेजचे’ असे मुलांनीच आपल्या हाताने लिहायचे असते.

आणखी एक पथ्य आम्ही कसोशीने पाळतो. शिष्यवृत्तीसंबंधीचे निरोप वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर नावांसह टाकायचे नाहीत, कारण कोणाची जात कोणती आणि कोणाच्या घरचे उत्पन्न किती, हे त्या यादीवरून साऱ्या वर्गाला कळते. प्रत्येकाला वेगळा फोन करायला वेळ लागतो. तो आम्ही देतो.

(दृश्य: बाकावर उघडी वही. काही नावांपुढे खुणा.)

शिष्यवृत्तीचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. यंदा अर्ज न भरलेली चार नावे माझ्या वहीत अजून आहेत. तिघांशी बोलणे झाले आहे. चौथ्याचा फोन लागत नाही. त्याच्या गावातल्या मित्राचा क्रमांक काल मिळाला असून रविवारी, तो कामावरून घरी असेल अशा वेळी, मी त्याला फोन करणार आहे.