सात घरं फिरलेली पिल्लं

जुन्या नाशकात, भद्रकालीच्या मागं एका वाड्यात, जिन्याखालच्या अडगळीत मांजर व्यालीय, चार पिल्लं. वाड्यातल्या आजी म्हणतात, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते तेव्हा कुठं त्यांचे डोळे उघडतात. घरं मोजायला कोण बसलंय, पण डोळे उघडतात साधारण आठ-दहा दिवसांनी, आणि खरी गंमत त्याच्यानंतर. हे करडं बघा, समोर सुतळी हलवली की पंजा भलतीकडेच मारतंय, म्हणजे डोळे उघडलेत पण बघायला अजून यायचंय.

1963 मध्ये हार्वर्डच्या डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी अशाच पिल्लांची एकेक पापणी शिवून टाकली, दोन-तीन महिन्यांनी उसवली. (ऐकतानाच पोटात कालवतं, मान्य.) डोळा एकदम ठणठणीत, पण दुसरा झाकला तर पिल्लू आंधळ्यासारखं धडकायचं. कारण मेंदूत त्या डोळ्याची जागाच गेलेली. आपल्याकडं कसं, एक भाऊ मुंबईला गेला की त्याच्या खोलीत दुसऱ्याचं सामान शिरतं, मग तो परत आला तरी खोली काही मिळत नाही, अगदी तसंच. आणि दोन्ही डोळे शिवले तेव्हा वाटलं होतं दुप्पट नुकसान होईल, तर नाही, बऱ्याच पेशी दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद देत होत्या, कारण बळकावायलाच कोणी नव्हतं!

मोठ्या मांजरीचा डोळा महिनोनमहिने बंद ठेवला तरी काही बिघडलं नाही. पिल्लाला मात्र चौथ्या-पाचव्या आठवड्यात तीन-चार दिवसही पुरतात. तीन महिन्यांनंतर ही नाजूक वेळ जवळपास संपते. 1981 साली दोघांना नोबेल मिळालं, पण मला विचाराल तर या कामाचं मोल दिसतं ते लहान मुलांच्या ओपीडीत, जन्मतः मोतीबिंदू असेल तर डॉक्टर थांबत का नाहीत ते इथून कळतं.

आजींची नात पाच वर्षांची. तिचा एक डोळा आळशी, म्हणून चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी, म्हणजे कामचुकार डोळ्याला बघावंच लागतं. ती वैतागते, पट्टीच्या कडेनं हळूच बघते, आजी ओरडतात. आत्ता जिन्याखाली वाकून पिल्लं मोजतेय, एक, दोन, तीन... परत मोजतेय.

तिचा डोळा बरोबरच सांगतोय. चौथं सकाळीच आईनं उचलून शेजारच्या वाड्यात नेलंय.