आपली माणसं ओळखायची कशी?

नमस्कार श्रोतेहो.

एखादी क्विअर, म्हणजे लैंगिकतेच्या रूढ चौकटीत न बसणारी, किंवा ट्रान्स, म्हणजे जन्मावेळी ठरवलेलं लिंग आपलं न वाटणारी, व्यक्ती मन मोकळं करायला आली की तिला हमखास एकच सल्ला मिळतो, 'तुझ्यासारख्यांमध्ये जा, बरं वाटेल.' सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. गेल्यावर ही माणसं आपली आहेत की नाहीत, हे कशावरून ठरवायचं?

मार्च १९७४ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात, एका पुस्तकांच्या दुकानाच्या इमारतीत, स्वयंसेवकांनी समलिंगी लोकांसाठी फोनवरची मदतसेवा सुरू केली. 'स्विचबोर्ड' नावाने ती आजही चालू आहे. खचून गेलेले लोक तिथे फोन करायचेच. पण भाड्याने खोली कुठे मिळेल, संध्याकाळी कुठे गेलं तर चार ओळखी होतील, असंही विचारायचे. मला यातलं खोलीचं विचारणं फार मोलाचं वाटतं. घरातून हाकललेल्या पोराला त्या रात्री आधी छप्पर लागतं, धीराचे शब्द नंतर. म्हणून एखाद्या गटात गेलात की कान उघडे ठेवा. कुठला डॉक्टर नीट बोलतो, कागदपत्रांवरचं नाव कसं बदलतात, हे तिथे कुणाला ठाऊक आहे का?

दुसरं म्हणजे, हजर नसलेल्यांबद्दल तिथे कसं बोलतात ते ऐका. ट्रान्स व्यक्तीने स्वतःसाठी निवडलेलं नवं नाव ती समोर असताना सगळेच घेतात. माणूस उठून गेल्यावर त्याचं जुनं नाव निघालं, आणि शेजारच्याने 'अरे, ते नाव नाही आता' म्हणून सहज दुरुस्त केलं, तर पुन्हा जायला हरकत नाही. हशा पिकला, तर तुमच्या पाठीमागे काय होणार ते कळलंच. तसंच फोटोचं. मोबाइल काढण्याआधी कुणी विचारतं का? एका फोटोमुळे घरी सगळं उघड होऊ शकतं.

आणि एक कडू गोष्ट. दारावर आपल्या समाजाची खूण असलेला इंद्रधनुषी झेंडा असला म्हणून आत सगळं आलबेल असतं असं नाही. ट्रान्स बाईला परकी मानणारे, बायसेक्शुअल, म्हणजे मुलगे आणि मुली दोघांचीही ओढ वाटणाऱ्या, मुलाला 'तुझं अजून ठरलेलं नाही' म्हणणारे आपल्यातही आहेत. असा गट खुशाल सोडा.

आपली माणसं क्विअरच असली पाहिजेत, असंही नाही. जीन मॅनफर्ड या न्यू यॉर्कच्या शिक्षिका. १९७२ साली समलिंगी लोकांच्या हक्कांसाठीच्या मोर्चात त्या आपल्या समलिंगी मुलाबरोबर चालल्या. हातात फलक होता, त्यावर अशा मुलांच्या आईवडिलांना 'मुलांच्या पाठीशी एकत्र उभे राहा' अशी हाक होती. पुढच्या वर्षी एका चर्चमध्ये पालकांची पहिली बैठक भरली, जेमतेम वीसेक माणसांची. त्यातूनच पालकांची 'पीफ्लॅग' ही संघटना उभी राहिली.

पहिल्यांदा जाणार असाल तर खरं नाव सांगायची सक्ती नाही. चारचौघांत असेल अशीच जागा निवडा आणि कुठे जाताय ते भरवशाच्या एकाला सांगून ठेवा. बाहेर पडणं शक्य नसेल तर मदतवाहिनीला फोन करा. आपलं बोलणं आणि नंबर गुप्त राहतो का, हे सुरुवातीलाच विचारा. बैठकीत पहिल्या दिवशी एक शब्दही बोलला नाहीत तरी चालतं. चांगल्या गटात त्यावरून कुणी छेडत नाही.